पाहून काढलेलं चित्र

1515 सालच्या जानेवारीत गोव्याहून लिस्बनला निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजात मसाल्यांबरोबर एक जिवंत गेंडा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो गोव्यातला पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला भेट दिला होता आणि अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे पाठवला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता, त्यामुळे त्याचं वर्णन करणारं पत्र आणि एक कच्चं रेखाटन लवकरच जर्मनीपर्यंत पोहोचलं. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने त्या दोहोंवरून लाकडी ठशाचं चित्र केलं. स्वतः गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे ठोकून बसवल्यासारखे दिसतात, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे, खांद्यांच्या मधोमध, एक छोटं पिळदार शिंग आहे. असं शिंग जगातल्या कोणत्याही गेंड्याला नसतं.

त्याच वर्षी आउग्सबर्गच्या हान्स बुर्कमायरनेही त्याच गेंड्याचं चित्र केलं. त्यानेही जनावर पाहिलेलं नव्हतं. तरी त्याचं चित्र खऱ्या गेंड्याच्या पुष्कळ जवळ जातं. खांद्यावर शिंग नाही, पुढचे पाय मात्र बांधलेले दिसतात. बुर्कमायरच्या चित्राची आज एकच प्रत शिल्लक आहे. ड्यूररचा गेंडा दोनशेहून अधिक वर्षं प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत नकलला गेला, त्या जादा शिंगासकट. तो अधिक देखणा होता, अधिक खात्रीने काढलेला होता, आणि ज्यांना गेंडा ठाऊकच नव्हता त्यांना तोच खरा वाटला.

हे जुनं प्रकरण मुद्दाम सांगितलं, कारण बोधचित्रकारांना, म्हणजे मजकुरासाठी चित्रं काढणाऱ्यांना, हल्ली एक प्रश्न सतत ऐकावा लागतो. ‘रेफरन्स बघून काढलंय का?’ विचारणाऱ्याच्या मनात आधीच निकाल झालेला असतो: बघून काढलं म्हणजे नक्कल, न बघता काढलं म्हणजे प्रतिभा. ड्यूरर आणि बुर्कमायर यांना हा प्रश्न विचारला तर दोघांचं उत्तर एकच येईल आणि दोन चित्रांतला फरक काही कळणार नाही. तो कळायचा तर निराळं विचारावं लागतं. काय पाहिलं, किती ठिकाणी पाहिलं, ज्याचं पाहिलं त्याला ते माहीत आहे का? मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. या व्यवसायात राहून माझं मत असं झालं आहे की संदर्भ शोधणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे. तो पुरेसा होत नाही, त्याचे पैसे कुणी देत नाही आणि तो कुठून आला हे कुठे छापलं जात नाही. मराठी पुस्तकांतल्या चित्रांचं खरं दुखणं हे आहे.

संशयाचं मूळ बहुधा शाळेतल्या चित्रकलेच्या तासात आहे. महाराष्ट्रात लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देतात. त्यांत स्मरणचित्राचा पेपर असतो. ‘आठवडी बाजार’ किंवा ‘पावसातला रस्ता’ असा विषय येतो आणि समोर काही न ठेवता मुलांनी चित्र काढायचं. कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात काय होतं हे परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घागर घेतलेली बाई, टोपलीवाली, सायकलवाला, काठी टेकलेला म्हातारा अशा ठरावीक आकृत्या मार्गदर्शक पुस्तकातून घोटून घेतल्या जातात आणि विषय कोणताही आला तरी त्याच आकृत्या कागदावर उतरतात. म्हणजे ज्याला आपण स्मरण म्हणतो ते पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी रेखाटनाचं पाठांतर असतं. संदर्भ तिथेही आहेच. फक्त तो मार्गदर्शकात आला तेव्हाच जुना झालेला होता. बाजारात बसलेली भाजीवाली पाय कसे दुमडते, तराजू कुठल्या हातात धरते, हे त्यातल्या फार थोड्या मुलांनी थांबून पाहिलेलं असतं.

डोक्यातून काढलेल्या चित्रात सुद्धा डोक्यात काहीतरी आधी शिरावं लागतं. अमेरिकेतला नॉर्मन रॉकवेल 1930च्या दशकाच्या मध्यापासून आपल्या मासिक-मुखपृष्ठांसाठी छायाचित्रकार बोलावून शेजारपाजारच्या माणसांचे फोटो काढून घेई, ते प्रोजेक्टरने कागदावर टाकून रेखाटन करी, आणि स्वतःच्या कार्यपद्धतीवर लिहिताना त्याने हे उघड सांगितलं आहे. फोटो त्याने मांडून घेतलेले असत. कोण कुठे उभा राहील, भुवई किती चढेल, कोट कुणाचा वापरायचा, हे ठरवण्यातच त्याची कल्पनाशक्ती खर्च होत असे. आपल्याकडे महादेव विश्वनाथ धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी काढली. रस्त्यावरची माणसं, त्यांच्या पगड्या, त्यांची लुगडी त्या चित्रांत इतकी नेमकी आहेत की आज ती चित्रं स्वतःच संदर्भ म्हणून वापरली जातात. पाहण्याची ती सवय नसती तर हे शक्य नव्हतं.

आता आपल्या आजच्या चित्रांकडे या. कोकणातली गोष्ट आहे, पानावर भातखाचर आहे, आणि औताला जुंपलेला बैल आहे पांढराशुभ्र, उंच, लांब मागे वळलेल्या शिंगांचा. हा खिल्लार. सांगली, सोलापूरच्या कोरड्या मुलखातला देखणा बैल. कोकणातल्या चिखलात राबणारी जनावरं बुटकी आणि आटोपशीर असतात. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांतल्या धो धो पावसाच्या डोंगरांत डांगी दिसते, पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेली. तिची तेलकट कातडी आणि टणक खूर त्या पावसासाठीच झालेले. लातूरकडे देवणी, नांदेडकडे लाल कंधारी, वर्ध्याकडे गवळाऊ. गावातल्या सात वर्षांच्या मुलाला हा फरक बघताक्षणी कळतो. पुस्तकातला बैल पाहून तो काही बोलत नाही, पण हे पुस्तक आपल्याविषयी नाही एवढं त्याला समजतं. खिल्लार निदान महाराष्ट्रातला तरी आहे. कित्येक पुस्तकांत तर वशिंड नसलेली, काळ्या-पांढऱ्या डागांची युरोपी गाय गोठ्यात उभी असते, कारण शोधयंत्रात ‘गाय’ टाकलं की तिची चित्रं सगळ्यांत आधी समोर येतात.

लुगड्याचंही तेच. कोळणीने गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, देशावर शेतात काम करणाऱ्या बाईने खोचलेला काष्टा आणि लग्नातली पायघोळ नऊवारी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कपड्याचा आकार कामाने ठरलेला आहे. पण पिंटरेस्टवर नऊवारी शोधली की बहुतेक फोटो फॅशन-शूटचे किंवा लावणीच्या वेषातल्या मुलींचे येतात. मग पाणी भरणारी आजीसुद्धा नर्तकीसारखी नेसलेली दिसते. चित्रकार आळशी असतो असं मी म्हणत नाही. मुदत आठवड्याची, मानधन पानाच्या हिशेबाने, मजकूर उशिरा हातात. अशा वेळी पहिल्या पडद्यावर जे दिसेल तेच तो उचलणार. त्याच शहरातला दुसरा चित्रकारही तोच पडदा पाहतो आहे. म्हणून दोन प्रकाशनांच्या दोन पुस्तकांत एकच झोपडी एकाच कोनातून दिसते आणि कुणीच कुणाची चोरी केलेली नसते.

चुकीचा संदर्भ किती दूरवर जाऊ शकतो याचं आपल्या घरचं उदाहरण मराठी वाचकाला नवं नाही. इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल चित्र शोधून पुढे आणलं, तेव्हा ही चूक सुधारली. तोवर ज्यांनी ते चित्र समोर ठेवून काम केलं त्यांच्या हेतूत काही खोट नव्हती. त्यांनी समोर आलेलं चित्र तपासलं नाही, एवढंच. बेंद्रे यांनी केलं ते संशोधकाचं काम होतं, पण ऐतिहासिक कादंबरीचं मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला त्यातलं थोडं तरी करावंच लागतं. तलवारीची मूठ, पगडीचा घेर, घोड्याचं खोगीर हे सगळं मालिकांतून उचललं तर मालिकेच्या वेशभूषाकाराची चूक आपल्या नावावर छापली जाते.

एकाच फोटोवर विसंबण्यात आणखी एक तोटा आहे, आणि तो चित्रकलेचा आहे. फोन जवळ धरून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याला जवळची गोष्ट फुगते: पुढे केलेला हात डोक्याएवढा, पाय बारीक, नाक मोठं. फोटो म्हणून डोळा हे सहन करतो. तोच फोटो लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवून गिरवला की माणूस विचित्र दिसायला लागतो आणि बघणाऱ्याला का ते सांगता येत नाही. फ्लॅशमध्ये सावल्या सपाट होतात, त्यामुळे गालाचं हाड नाहीसं होतं. शिवाय ओझं फोटोत नीट उमटत नाही. डोक्यावर भरलेली पाटी असलेली बाई मान कशी ताठ ठेवते, पाऊल किती जवळ टाकते, कंबर कुठल्या बाजूला झुकते, हे चालताना पाहिल्याशिवाय किंवा स्वतः पाटी घेऊन चार पावलं टाकल्याशिवाय हातात येत नाही. जाणते चित्रकार म्हणूनच एका चित्रासाठी बऱ्याच ठिकाणांहून घेतात. उभं राहणं गच्चीवर काठी देऊन उभ्या केलेल्या भाच्याकडून, प्रकाश सकाळी सातच्या अंगणातून, लुगडं गावातल्या कुणा मावशीच्या परवानगीने काढलेल्या फोटोतून, चेहरा स्केचबुकातल्या एसटीमधल्या प्रवाशाचा. एवढं सगळं एका कागदावर आलं की त्यातलं कोणतंच मूळ तसंच्या तसं उरत नाही. जे तयार होतं ते चित्रकाराचं स्वतःचं असतं. ज्याला प्रेरणा म्हणतात ती मला याच क्षणी भेटते, समोर पडलेल्या पाच गोष्टींतली कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची हे ठरवताना.

राहिला प्रश्न ज्याचं घेतलं त्याचा. आपल्याकडे फोटो हा फुकट माल समजला जातो. कायदा तसं मानत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाल्यापासून छायाचित्रालाही चित्रासारखंच, कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं संरक्षण आहे. दुसरीकडे, कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती ती कल्पना मांडण्याच्या विशिष्ट रूपावर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. पावसात छत्री उलटी झालेल्या मुलाचं चित्र कुणीही काढावं. पण कुणा छायाचित्रकाराने टिपलेला तोच मुलगा, त्याच कोनातून, त्याच उलट्या छत्रीसह पुस्तकावर छापायचा असेल तर त्याला विचारलं पाहिजे. घरी वहीत सरावासाठी कुणाचाही फोटो काढून पाहायला कायदा आड येत नाही. छापायची वेळ आली की हिशेब बदलतो.

हे व्यवहारात कसं करायचं याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खटल्याच्या पूर्वकथेत सापडतं. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी 1981 साली गायक प्रिन्सचा फोटो काढला. 1984 साली एका मासिकाला त्यावरून प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉलकडून चित्र हवं होतं. मासिकाने ‘चित्रकाराला संदर्भ म्हणून’, एकदाच छापण्यासाठी, 400 डॉलर देऊन रीतसर परवानगी घेतली आणि गोल्डस्मिथ यांचं नाव छापलं. त्या वेळी कुणाची तक्रार नव्हती. भांडण उद्भवलं ते 2016 साली. तोवर वॉरहॉल हयात नव्हता, त्याच फोटोवरून त्याने केलेल्या चित्रमालिकेतलं दुसरं चित्र छापण्यासाठी त्याच्या प्रतिष्ठानला 10,000 डॉलर मिळाले आणि गोल्डस्मिथ यांना काहीच मिळालं नाही. 2023 च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. निकालावर कलाजगतात अजून वाद आहे. चित्रकाराचा हात त्यामुळे फार बांधला जातो असं अनेकांना वाटतं. मला त्या 400 डॉलरांच्या कराराचं महत्त्व जास्त वाटतं. संदर्भाची किंमत ठरवता येते, ती मोजता येते आणि नाव छापता येतं, हे त्या मासिकाने चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

लपवल्याने काय होतं तेही अमेरिकेतच दिसलं. 2008 च्या निवडणुकीतलं ओबामांचं लाल-निळं ‘होप’ पोस्टर चित्रकार शेपर्ड फेअरीने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका फोटोवरून केलं होतं. त्याचं रूपांतर इतकं वेगळं होतं की आपला वापर न्याय्य आहे असं त्याला न्यायालयात खंबीरपणे मांडता आलं असतं, आणि अनेक जाणकार त्याच्या बाजूने होते. पण कोणता फोटो वापरला याविषयी त्याने खोटं सांगितलं, फाइली नष्ट केल्या, बनावट पुरावे तयार केले. 2012 साली त्यासाठी त्याला दोन वर्षांची प्रोबेशन, 300 तास समाजसेवा आणि 25,000 डॉलर दंड झाला. ही शिक्षा फोटो वापरल्याची नव्हती. ती खोट्या पुराव्यांची होती.

आपल्या संगीतात हा संकोच कधी नव्हता. मैफलीत गायक बंदिश कुणाकडून मिळाली ते कानाला हात लावून सांगतो, आणि त्याने त्याचं गाणं लहान झालं असं कुणाला वाटत नाही. चित्रकाराने ‘या चित्रातल्या बाईचं उभं राहणं अमक्यांच्या फोटोवरून घेतलं’ असं लिहिलं तर त्यालाही कमीपणा वाटायला नको.

नाव घेण्याचा प्रश्न वारली चित्रांच्या बाबतीत अधिक गंभीर होतो, कारण तिथे फोटो एका माणसाचा नसतो, रीत एका समाजाची असते. लग्नात सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, त्यात बसलेली पालघट देवी, शेजारी लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी; ही त्या चित्रांची मूळ जागा. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली आणि जगाला दाखवली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी आजही पुस्तकाचा समास भरायचा असला की दोन त्रिकोणांची माणसं आणि तारपा या वाद्यावरचा गोल नाच डाउनलोड करून चिकटवला जातो. देवीचा चौक पायपुसण्यावर येतो. तारपा कोण वाजवतो, नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती का वळते, हे ठाऊक नसताना नुसते आकार उचलले की ती सजावट होते आणि ज्यांची ती आहे त्यांच्या हातात एक पैसाही पडत नाही. गोष्टीला वारली चित्रंच हवी असतील तर वारली चित्रकाराला काम द्या. पालघर जिल्ह्यात ते आहेत, फोनवर आहेत, मुदतीत काम देतात. दुसऱ्याकडून ‘वारली स्टाइल’ करून घेण्याला मला कोणतंच समर्थन सापडत नाही.

आता प्रकाशकांकडून एक नवाच संदर्भ येऊ लागला आहे. मजकुरासोबत यंत्राने तयार केलेलं चित्र येतं आणि निरोप असतो, ‘साधारण असं काढून द्या.’ स्टेबल डिफ्यूजन हे 2022 च्या ऑगस्टमध्ये आलेलं, मजकुरावरून चित्र बनवणारं साधन ज्या संग्रहाच्या भागांवर शिकवलं गेलं त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारे 585 कोटी चित्र-मजकूर जोड्या आहेत. त्यात असंख्य चित्रकारांचं काम त्यांना न विचारता गेलं, आणि 2023 च्या जानेवारीत काही चित्रकारांनी अमेरिकेत त्याविरुद्ध दावा दाखल केला. न्यायालयं काय ठरवायचं ते ठरवतील. माझा आक्षेप संदर्भ म्हणून आहे. फोटोला ठिकाण असतं, दिवस असतो, काढणारा असतो. शंका आली तर त्याला विचारता येतं. यंत्राने दिलेल्या बैलाला गाव नसतं. तो हजारो बैलांची सरासरी असतो, त्यामुळे कुठल्याच गोठ्यात तो सापडत नाही, आणि तरी तो अतिशय गुळगुळीत आणि खात्रीशीर दिसतो. अशा चित्रावरून काढायला सांगणं म्हणजे जाणूनबुजून चुकीचं जनावर मुलांच्या हाती देणं आहे. चित्रकारांनी हे काम नाकारावं, किंवा निदान ते चित्र बाजूला ठेवून स्वतःचे संदर्भ गोळा करण्याची मुभा मागून घ्यावी.

प्रकाशकांची अडचण मला माहीत आहे. मराठी बालपुस्तकाची आवृत्ती छोटी, किंमत कमी ठेवावी लागते, कागद महाग. पण अनुवादकाला शब्दांचे, मुद्रकाला फॉर्मचे पैसे मोजले जातात, तसा चित्रांच्या करारात संदर्भखर्चाचा एक वेगळा आकडा असायला हवा. तो मोठा असण्याची गरज नाही. गोष्ट अकोले तालुक्यातली असेल तर तिथे जाऊन-येऊन राहण्याचा खर्च, स्थानिक छायाचित्रकाराच्या चार फोटोंचं मानधन, एवढ्याने पुस्तकातला बैल डांगी होतो. मुद्रणस्थळ आणि अक्षरजुळणी जिथे छापतात त्या पानावर ‘चित्रसंदर्भ’ अशी एक ओळ घाला. शाई फार लागत नाही. पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी चित्रांसाठी पुस्तकं मागवताना ही ओळ आहे का ते पाहावं. आणि शिक्षकांनी स्मरणचित्राच्या तयारीला मार्गदर्शक पुस्तक उघडण्याऐवजी मुलांना खऱ्या बाजारात नेऊन स्केचबुक हातात द्यावं.

संग्रहालयांना तर यात फार मोठं काम करता येईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत: दिवे, अडकित्ते, कुलपं, पेटारे, भातुकली, दारांच्या चौकटी, म्हणजे मराठी घराचं जवळपास सगळं सामान. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात वेगवेगळ्या समाजांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. मालिकांच्या सेटवरून वाडा काढणाऱ्या चित्रकाराला जे हवं ते इथे काचेमागे ठेवलेलं आहे. आठवड्यातली एक दुपार बोधचित्रकारांसाठी राखून ठेवावी, समोर बसून काढू द्यावं, वस्तूला चारी बाजूंनी पाहू द्यावं, आणि जमेल तसे स्वच्छ, मापांसकट फोटो महाराष्ट्रातल्या प्रकाशकांना नाममात्र दराने वापरू द्यावेत. तशी मागणी या संग्रहालयांकडे चित्रकारांनीच, एकत्र सह्या करून, करायला हवी. दिवाळी अंकांची कामं वाटली जाण्याआधी ती झाली तर यंदापासूनच सुरुवात करता येईल.